शंभर चुली, एक पंगत

दुपारी साडेबाराला सिंगापूरच्या टेक्का सेंटरमध्ये मुंगीला शिरायला वाव नव्हता, आणि तरी कितीतरी टेबलं रिकामी होती. माणसं हातात वाफाळतं ताट घेऊन त्या टेबलांना वळसा घालत पुढे जात होती. बसत कोणी नव्हतं. प्रत्येक रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं एक छोटं पाकीट. बाकी काही नाही. माणूस दूर कुठल्या तरी रांगेत उभा, जागा मात्र त्याची.

उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला याचा अर्थ विचारावा लागत नाही. कारंजा स्टँडवर मानोऱ्याची गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि एखादं पोरगंसुद्धा आत पडतं. पण आमच्याकडे रुमालाची मालकी सिद्ध करायला आवाज लागतो. "हे दस्ती कोनाची व्हय? मी पह्यलेच टाकली होती ना बावा!" हे मग पुढचे दोन-तीन थांबे चालतं. इथे दीड दमडीच्या कागदासाठी तोंडातून शब्द निघत नव्हता. पाकीट आहे म्हणजे माणूस आहे, विषय संपला.

मी इंझोरीचा. वाशिम जिल्हा, मानोरा तालुका. आमचा जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा निघाला. क्षेत्रफळ पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि २०११ च्या जनगणनेत माणसं बारा लाखांच्या आत. सिंगापूर हा अख्खा देश साडेसातशे चौरस किलोमीटरमध्ये बसतो आणि माणसं साठ लाखांच्या आसपास. म्हणजे आमच्या जिल्ह्याचे सात तुकडे करा आणि एकात पाच जिल्ह्यांची माणसं भरा. त्यांतल्या नागरिकांत आणि कायम रहिवाशांत चारांतले तीन चिनी वंशाचे, मग मलय, मग भारतीय, त्यातही तमिळ जास्त. सरकारी भाषा चार. भाचा इथे नोकरीला आहे. "मामा, एकदा या" असं तो बरीच वर्षं म्हणत होता. आलो. उंच इमारती, समुद्र, दिव्यांची बाग, सगळं दाखवलं त्याने. बरं होतं. पण मला बसवून ठेवलं ते जेवणाच्या या बाजारांनी.

इथे त्यांना हॉकर सेंटर म्हणतात. वर छप्पर, बाजू मोकळ्या, मध्ये जमिनीला ठोकलेली टेबलं-स्टुलं आणि भोवती एकाला एक चिकटून गाळे. प्रत्येक गाळा जेमतेम आमच्या पानठेल्याएवढा. एका गाळ्यात एक माणूस, फार तर नवराबायको, आणि पदार्थही दोन-चारच. भातावर कोंबडी देणारा आयुष्यभर तेच देतो. शंभर पदार्थांचं मेनूकार्ड छापून प्रत्येकात तोच लाल रस्सा ओतायची आपल्याकडची पद्धत इथे नाही. देशात अशी सेंटरं शंभरावर आहेत, आणि चायनाटाउनमधलं सगळ्यात मोठं, त्यात दोनशेच्या वर गाळे.

टेक्का सेंटर लिटल इंडियात, सेरंगून रस्त्याच्या तोंडाशी. शेजारच्या गल्लीचं नाव बफेलो रोड. एकेकाळी इथे गुरांचे गोठे आणि गुरांचा व्यापार होता. कलकत्त्याहून आलेल्या बेलिलिओस नावाच्या ज्यू व्यापाऱ्याचा त्यात मोठा हात, त्याच्या नावाची गल्लीही जवळच आहे. आता म्हैस औषधालाही नाही. आत मात्र शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, केळफूल, ओला नारळ. मासळीच्या बाजूला जमीन सदा ओली. वरच्या मजल्यावर साड्या आणि शिंपी. खाली जेवणाच्या बाजूला एका ओळीत डोसा, बिर्याणी, पराठ्याचा गाळा. पलीकडच्या ओळीत बदकभात आणि कोळंबीच्या शेवया. पराठ्याला इथे प्राटा म्हणतात. तो करणारा माणूस मैद्याचा तेल लावलेला गोळा हवेत फिरवून पदरासारखा पातळ करतो, घडी घालतो, तव्यावर टाकतो, आणि शेवटी दोन्ही हातांनी टाळी दिल्यागत आवळतो म्हणजे पदर सुटतात. सोबत वाटीभर डाळ किंवा माशाचा रस्सा.

कॉफीचा गाळा वेगळा. हैनान बेटावरून आलेले चिनी इथे सगळ्यांच्या मागून पोचले. चांगले धंदे आधीच वाटून गेलेले. मग इंग्रजांच्या घरी खानसामे झाले आणि पुढे त्यांनी कॉफीची दुकानं टाकली. दाणे लोणी आणि साखर घालून काळेकुट्ट भाजतात, लांब चोचीच्या किटलीत कापडाच्या मोज्यातून गाळतात आणि पेल्याच्या तळाशी आटवलेलं गोड दूध. नुसतं 'कोपी' म्हटलं की हे येतं. 'कोपी-ओ' म्हटलं की दूध गेलं, साखर राहिली. पुढे 'कोसोंग' जोडलं की साखरही गेली. 'पेंग' म्हटलं की बर्फ पडला. गिऱ्हाईक चिनी असो, मलय असो, तमिळ असो, हीच भाषा, आणि गाळ्यातला म्हातारा लिहून न घेता वीस जणांचं लक्षात ठेवतो. गाळ्यातल्या पुरुषाला सगळे 'अंकल' म्हणतात, बाईला 'आंटी'. मीसुद्धा म्हणू लागलो, जरी काही अंकल माझ्याहून लहान होते.

मी माळकरी. भाचसुनेला त्याचीच काळजी. घरून निघतानाच तिने बजावलं होतं, "मामाजी, बाजूले कोन काय खाते ते पाहू नका." पण पाहिलं. आम्ही बसलो त्या टेबलावर दोन जागा मोकळ्या होत्या. एकावर एक चिनी म्हातारा येऊन बसला, वाडग्यात कोळंबी, शेवया आणि डुकराच्या बरगडीचे तुकडे. दुसऱ्यावर डोक्याला रुमाल बांधलेली मलय बाई, तिच्या ताटात बिर्याणी. माझ्यापुढे साधा डोसा. भाचा प्राटा खातोय. चौघांच्या मध्ये तिखटाच्या चटणीची वाटी. त्या बाईने म्हाताऱ्याच्या वाडग्याकडे पाहिलंही नाही, म्हाताऱ्याने तिच्या ताटाकडे. उठताना तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि आपलं ताट उचलून निघून गेली.

ताट ठेवायच्या मांडण्यासुद्धा दोन, हलाल आणि बिगरहलाल. बऱ्याच ठिकाणी ताटांचे रंगही वेगळे, म्हणजे धुताना गल्लत होत नाही. ज्याला जे वर्ज्य ते त्याच्या भांड्याला लागणार नाही एवढी काळजी घ्यायची, आणि ती घेतली की मग शेजारी बसायला हरकत कसली?

आपल्याकडचा हिशेब मला आठवला, आणि तो नेमका उलटा आहे. गावजेवणात चूल एक असायची. कढई एक, वरण एक, रोडगे एकाच आरातले. आणि पंगती मात्र जातवार. कोणी आधी, कोणी नंतर, कोणी देवळाजवळ, कोणी पार पलीकडे रस्त्याच्या कडेला. चहाच्या हॉटेलांचं तर विचारूच नका. वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी आमच्या भागातल्या कितीतरी गावांत काही लोकांचे कप वेगळे असत, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेले, पिणाऱ्याने स्वतःच विसळायचे. चहा तोच, भगोणं तेच. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत शिरायला जातिधर्मावरून कोणाला अडवता येणार नाही, असं मुद्दाम लिहावं लागलं ते उगीच नाही. इथे चुली शंभर आणि पंगत एक. प्रत्येकाने आपलं शिवाशिवीचं, हरामहलालचं, सोवळ्याओवळ्याचं सगळं सांभाळावं, पण ते आपल्या ताटापुरतं. टेबलाला त्यातलं काही लागत नाही.

आता गावाकडे बुफे आला आणि पंगती मोडल्या, हे मान्य. तोही प्रश्न सुटला तो तत्त्वापेक्षा प्लास्टिकच्या खुर्च्यांमुळे, असं माझं मत आहे.

सिंगापूरची माणसं जन्मतःच शहाणी, असंही कोणी समजू नये. १९६४ मध्ये याच शहरात मलय आणि चिनी लोकांच्या दंगली झाल्या, माणसं मेली. पुढच्या वर्षी देश वेगळा झाला. तेव्हा हे सगळे हॉकर रस्त्यावर होते: गटारीच्या काठाला शेगडी, बादलीभर पाण्यात दिवसभराची भांडी, आणि पोलीस आले की पळापळ. सरकारने १९६८-६९ मध्ये त्यांची नोंदणी केली, आणि १९७१ ते १९८६ या काळात सेंटरं बांधून त्यांना रस्त्यावरून उचलून नळ, मोरी, वीज असलेल्या गाळ्यांत बसवलं. सगळे खुशीने गेले असतील असं मला वाटत नाही. हातगाडीवाल्याला कोपरा सोडायला सांगणं म्हणजे काय, हे कुठल्याही नगरपालिकेला विचारा. घरांचंही तसंच. दहातली आठ-एक माणसं सरकारने बांधलेल्या इमारतींत राहतात आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी किती, मलय किती, भारतीय किती याची मर्यादा ठरलेली आहे, एकाच जमातीची वस्ती होऊ नये म्हणून. म्हणजे घर विकतानासुद्धा गिऱ्हाइकाचा वंश बघावा लागतो. हे मला जरा जाचक वाटलं. पण या इमारतींच्या पायथ्याशी जे सेंटर असतं त्यात सगळे शेजारी सकाळी अर्ध्या चड्डीवर खाली उतरून नाश्ता करतात, हेही खरं.

शेजार असला की पदार्थांत काय काय होतं त्याचा नमुना म्हणजे इथलं मी गोरेंग. चिन्यांच्या पिवळ्या शेवया, तमिळ मुसलमानाचा तवा, टोमॅटोचा सॉस, मलय तिखट; रंग लालभडक. शोधायला गेलात तर असा पदार्थ ना चेन्नईत सापडेल ना चीनमध्ये. माशाच्या डोक्याची आमटी तशीच. केरळातून आलेल्या गोमेझ नावाच्या स्वयंपाक्याने पाहिलं की चिनी गिऱ्हाइकांना माशाचं डोकं फार प्रिय. त्याने ते आपल्या मलबारी रश्श्यात सोडलं. आता ती सिंगापूरची खासियत म्हणून पाहुण्यांना खिलवतात. मला अर्थातच दुरून दर्शन.

माझ्या पोटाची सोय मात्र जिथून कधी अपेक्षा नव्हती तिथून झाली. जवळजवळ प्रत्येक सेंटरमध्ये एक तरी चिनी शाकाहारी गाळा असतोच. बौद्ध लोकांचा. तांदळाच्या बारीक शेवया, परतलेली कोबी, सोयाबीनच्या आणि गव्हाच्या चोथ्याचे नाना प्रकार. आम्ही सोयाबीन पिकवून पोत्यानं मोंढ्यात घालतो, भाव पडला की कपाळाला हात लावतो. आणि हे लोक त्याच दाण्याचं 'बदक' करतात, कातडीच्या सुरकुत्यांसकट! पहिल्या घासाला मी थांबलो, भाच्याकडे पाहिलं. "सोयाबीनच हाय मामा, खा." कांदा नाही, लसूण नाही, चातुर्मासात चालेल असं जेवण. एके दिवशी तिथे रांग नेहमीच्या तिप्पट. चौकशी केली तर आंटी म्हणाली, आज पौर्णिमा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच चिनी लोक मांस सोडतात. एरवी डुक्कर खाणारा तो कोळंबीवाला म्हातारा मला त्या दिवशी रांगेत दिसला असता तरी आश्चर्य वाटलं नसतं. इंझोरीत एकादशीला मटणाच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाणारी माणसं मी ओळखतो.

पैशाचं सांगतो. साधं एकताटी जेवण सिंगापूरचे चार ते सहा डॉलर. आपल्या पैशात तीन-चारशे रुपये. पहिल्यांदा ऐकून डोसा घशात अडकला. पण भाचा म्हणाला, मामा, गुणाकार करणं बंद करा; इथल्या पगारात याहून स्वस्त जेवण नाही, घरी गॅस पेटवूनही नाही. बरेच लोक तिन्ही वेळा खालीच जेवतात. साहेब, ड्रायव्हर, शाळेतली पोरं एकाच रांगेत. २०१६ मध्ये मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेने, जिचा तारा मिळावा म्हणून पॅरिसचे बल्लवाचार्य झुरतात, इथल्या दोन हॉकर गाळ्यांना एकेक तारा दिला. त्यांतल्या चायनाटाउनच्या गाळ्यावर सोया रसातली कोंबडी आणि भात तेव्हा दोनेक डॉलरला मिळत होता. आणि २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने या सगळ्या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

वारसा म्हणायचा, आणि तो खरकटी उचलण्यापर्यंत कायद्याने बांधलेला. २०२१ पासून आपलं ताट उचलून मांडणीवर नेऊन ठेवणं सक्तीचं. पहिल्यांदा ताकीद, मग दंड. एक कारण साळुंक्या. त्या छपराखाली टपूनच असतात, माणूस उठला की ताटात. टेबलं पुसायला मात्र जी माणसं फिरतात ती पाहून मला अवघडायला झालं. सत्तरीच्या बाया, कमरेत वाकलेल्या, ढकलगाडी रेटत. एवढ्या श्रीमंत देशात? भाच्याकडे याचं धड उत्तर नव्हतं. आणि रविवारी लिटल इंडियात तमिळनाडूचे, बांगलादेशचे मजूर लोटतात. त्यांचे पाय हिरवळीवर पसरलेले, हातात कागदात बांधलेला भात. ते राहतात लांब, मजुरांच्या वेगळ्या वसतिगृहांत. त्यांना इमारतींच्या त्या मापात जागा नाही. पंगत एक म्हटलं ते त्यांच्यापर्यंत पुरतं पोचत नाही.

मला राहून राहून आपलं झुणका-भाकर केंद्र आठवत होतं. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. एसटी स्टँडांच्या आसपास टपऱ्या उभ्या राहिल्या. आम्ही ड्रायव्हर-कंडक्टर लोकांनी भरपूर खाल्ली. काही वर्षांत अनुदान आटलं, भाकर गेली, टपऱ्या राहिल्या, आणि त्यांत दुसरंच काही विकलं जाऊ लागलं. पुढे २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. भुकेल्याच्या पोटात घास गेला हे चांगलंच. मी त्याला नाव ठेवणार नाही. पण आपण प्रत्येक वेळी ताटाला पैसा दिला. सरकारचा हात आखडला की ताट रिकामं. सिंगापूरवाल्यांनी जागेवर पैसा घातला: छप्पर, पाणी, मोरी, जुन्या हॉकरांना कमी भाडं. भाव ज्याचा त्याने ठरवायचा. शेजारच्या गाळ्याची रांग डोळ्यांसमोर असते, म्हणून तो फार चढतही नाही. ओट्याचं बजेट मांडलं की ताटाचं आपोआप होतं, एवढं साधं गणित कोणाला सुचलं नसेल असंही नाही. ओट्याचं उद्घाटन एकदाच करता येतं, हीच अडचण असावी.

यांच्यापुढेही संकट आहेच. हॉकरांचं सरासरी वय साठीच्या घरात. पहाटे चारला उठून रस्सा चढवायचा, दिवसभर आगीपुढे उभं राहायचं, आणि पोरगा एअरकंडिशन ऑफिसात. कोबी-शेवयावाल्या आंटीला मी भाच्यामार्फत विचारलं, तुमच्यामागे कोण? ती हसली, झाऱ्याने मुलाचा फोटो दाखवला, बँकेत आहे. मीही सांगितलं की आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही. हे भाषांतर करायला भाच्याला वेळ लागला, पण आंटीला ते लगेच कळलं. तिने माझ्या ताटात कोबीचा आणखी एक डाव टाकला.

रिकामे गाळे महिन्याच्या महिन्याला टेंडरने निघतात आणि भाचा आता तिथला कायम रहिवासी आहे, एवढं कळल्यावर भाचसुनेच्या डोक्यात किडा शिरला. झुणका-भाकरीचा गाळा! ज्वारीचं पीठ सेरंगून रस्त्यावर मिळतं, ठेचा ती झणझणीत करते. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कागद-पेन्सिल निघाली. मी तिकिटाचा हिशेब आयुष्यभर केलेला, म्हणून आकडे माझ्याकडे. एक भाकर थापून, शेकून, फुगवून तीन मिनिटं तरी. दुपारच्या रांगेत चाळीस माणसं धरली तर शेवटचा दोन तासांनी जेवणार.

"दोन तवे ठेवू," भाचा म्हणाला.

"तवे दोन, हात कोनाचे?" ती म्हणाली. "तुमी थापता का?"

"मशीन आणू."

"मशीनची भाकर मामाजी खातील का, विचारा."

मी म्हटलं, खाईन, पण पैसे देणार नाही. यावरून ठेच्याचे वेगळे पैसे लावायचे की नाही, असा नवाच वाद निघाला. मी ठामपणे फुकट म्हणत होतो, भाचा पन्नास सेंट म्हणत होता, आणि त्यांची सिंगापुरात जन्मलेली पोरगी मध्येच म्हणाली, "नुसता ठेचाच विका ना, प्राटासोबत खातील लोक." त्या रात्री त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. टेंडर अजून भरलेलं नाही.